मास्टर विनायक : शाळामास्तर ते चित्रपट दिग्दर्शक



परिपाठात दिनविशेष सांगायची पाळी मागच्या ऑगस्टमध्ये सातवीच्या वर्गाकडे होती. १९ तारखेला एका मुलीने कागदावरून वाचलं की आज अभिनेते व दिग्दर्शक मास्टर विनायक यांची पुण्यतिथी. एवढंच वाक्य. ती खाली बसली आणि मागून एका पोराने विचारलं की हे मास्तर कोणत्या शाळेवर होते. सगळी मुलं हसली. मीही हसलो. पण घरी जाऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं की पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. हा माणूस सिनेमात जाण्याआधी खरोखरच कोल्हापुरात शाळेवर मास्तर होता.

मग दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा सविस्तर लिहितो. आपल्यापैकी अनेकांना ‘मास्टर विनायक म्हणजे अभिनेत्री नंदाचे वडील’ एवढीच ओळख असते. माझीही तेवढीच होती.

त्यांचं पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. जन्म १९ जानेवारी १९०६, कोल्हापूर. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं आणि मराठी सिनेमाची खरी कार्यशाळा तिथेच होती. बाबूराव पेंटर यांनी तिथेच ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’सारखे मूकपट काढले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली तीही कोल्हापुरातच. विनायकरावांच्या घरात तर हा धंदा आजूबाजूलाच होता. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर, व्ही. शांताराम ही सगळी नात्यातली माणसं. भाऊ वासुदेव कर्नाटकी पुढे छायालेखक झाले, म्हणजे कॅमेरा सांभाळणारे. अशा घरातला मुलगा काही वर्षं खडू-फळ्यापाशी राहिला हेच मला तरी नवल वाटतं.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. मराठीतला पहिला बोलपट तो हाच. गोविंदराव टेंबे राजा हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती आणि विनायकराव नारद. मूकपटात चेहरा आणि अंगविक्षेप चालत होते. बोलपट आला आणि स्वच्छ बोलणारी माणसं लागायला लागली. त्या काळात रेकॉर्डिंग शूटिंगबरोबरच व्हायचं. आजच्यासारखं नंतर स्टुडिओत बसून आवाज भरता येत नसे. त्यामुळे जो काही उच्चार असेल तो तिथल्या तिथे पक्का लागायचा. वर्गात चाळीस पोरांच्या मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची ज्याला सवय आहे, त्याला हे जड गेलं नसणार. (हा माझा मास्तरी तर्क आहे, सोडून दिला तरी चालेल.)

प्रभातमध्ये त्यांनी ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ असे चित्रपट केले. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. कोल्हापुरात मागे राहिलेल्या मंडळींना कोल्हापूर सिनेटोन ही कंपनी मिळाली. तिथे विनायकराव थांबले आणि तिथेच १९३५ साली त्यांनी पहिला चित्रपट दिग्दर्शित केला, ‘विलासी ईश्वर’. कथा मामा वरेरकरांची. हाच चित्रपट हिंदीत ‘निगाह-ए-नफरत’ नावाने निघाला आणि त्यातून शोभना समर्थ पडद्यावर आल्या.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

१९३६ मध्ये बाबूराव पेंढारकर, छायालेखक पांडुरंग नाईक आणि विनायकराव अशा तिघांनी मिळून ‘हंस पिक्चर्स’ काढली. कंपनी निघाली, पण गोष्टी कोणाच्या घ्यायच्या? तेव्हा सिनेमा म्हणजे पुराण नाहीतर इतिहास. राजे, ऋषी, राक्षस, चमत्कार. हंसच्या मंडळींनी ठरवलं की आपण आजच्या माणसांच्या गोष्टी करायच्या आणि त्या चांगल्या लेखकांकडून लिहून घ्यायच्या. पहिली कथा त्यांनी घेतली वि. स. खांडेकरांकडून. खांडेकर तेव्हा काय करत होते? कोकणात शिरोडे या गावी शाळेवर शिक्षक होते! १९२० पासून तिथेच शिकवत होते. पुढे ‘ययाति’ला ज्ञानपीठ मिळालं तेच हे खांडेकर.

दुसरे लेखक आचार्य अत्रे. अत्रे म्हटलं की आपल्याला भाषणं, ‘मराठा’ आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो. पण ते मुळात शिक्षकच. पुण्याच्या कॅम्प भागात त्यांनी वर्षानुवर्षं शाळा चालवली, विलायतेला जाऊन अध्यापनाची पदविका आणली आणि मुलांसाठी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. आपण आज डीएड, बीएडच्या नोट्समध्ये मुलांच्या भाषेत लिहावं असं वाचतो ना, ते अत्र्यांनी तेव्हा करून दाखवलं होतं.

आणि तिसरे चिं. वि. जोशी, चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक. तेही बडोद्याला शिकवणारे, पाली भाषेचे अभ्यासक.

म्हणजे दिग्दर्शक मास्तर, कथाकार मास्तर, विनोदकार मास्तर. १९३६ ते १९४२ या काळातल्या मराठी सिनेमाचा एक मोठा हिस्सा अशा शिकवणाऱ्या माणसांनी उभा केला. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा आमच्या एका बाईंना खरीच वाटेना.

खांडेकरांच्या कथेवरचा ‘छाया’ १९३६ मध्ये आला. विनायकराव नायक, सोबत लीला चिटणीस. आजारी बायकोच्या औषधासाठी चोरी करून तुरुंगात गेलेला बाप आणि तो कलंक माथ्यावर घेऊन जगणारी मुलं, असा विषय. बघा, १९३६ साल आहे. आजही आमच्या एमआयडीसीच्या बाजूच्या वस्तीत एखाद्या मुलाच्या बापाचं नाव पोलिसांत गेलं तर वर्गातली पोरं त्याला काय काय बोलतात ते मी बघतो. ‘छाया’ची कथा मी वर्गात सांगितली तेव्हा दोन-तीन मुलं एकदम गप्प झाली. मी जास्त खोलात गेलो नाही.

पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या लेखणीतून ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ आले. ‘धर्मवीर’मध्ये गावात पुण्यवान म्हणून मिरवणाऱ्या ढोंगी माणसाचा मुखवटा काढला आहे. त्याचं मूळ इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकात आहे. पण प्रेक्षकाला तो आपल्याच गल्लीतला माणूस वाटावा असा अत्र्यांनी तो मराठी केला.

१९३८ हे साल मात्र दोन टोकांचं. खांडेकरांच्या कथेवर ‘ज्वाला’ हा मोठा खर्चिक चित्रपट काढला, चंद्रमोहनसारखा नावाजलेला नट घेतला. तो पडला. कंपनीला जबर फटका बसला. आणि त्याच वर्षी ‘ब्रह्मचारी’ आला आणि धो धो चालला.

‘ब्रह्मचारी’ची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे, थोडी गाळून. औदुंबर नावाचा साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं एक जोरदार भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. घरातले नट्यांचे फोटो काढून टाकतो, व्यायाम, शिस्त, आश्रम सुरू करतो. आणि मग त्याच्या आयुष्यात किशोरी येते. औदुंबर स्वतः विनायकरावांनी केला होता, किशोरी मीनाक्षी शिरोडकर यांनी. मीनाक्षीबाईंनी पोहण्याच्या पोशाखात गायलेलं गाणं त्या काळी केवढं गाजलं असेल! लोकांनी नावं ठेवली आणि तिकीटही काढलं. पण नुसतं त्या गाण्यामुळे चित्रपट लक्षात ठेवणं मला पटत नाही. त्यातली चेष्टा ब्रह्मचर्याची नाही. एक भाषण ऐकून दुसऱ्या दिवसापासून आयुष्य बदलायला निघालेल्या माणसाची आहे. एक जानेवारीला पाच वाजता उठायचे संकल्प करणारे आपण सगळे थोडे थोडे औदुंबरच.

त्यांचं विनोदी दिग्दर्शन मला जसं समजलं तसं सांगतो. भोळा माणूस घ्यायचा, त्याला एक अगदी साधं काम द्यायचं आणि जग ते काम किती अवघड करून ठेवतं ते दाखवायचं. १९३९ च्या ‘ब्रँडीची बाटली’मध्ये नगरपालिकेतला एक कारकून, बगाराम, याला औषधासाठी थोडी ब्रँडी आणायची असते. बस्स. ब्रँडी म्हणजे काय, ती कुठे मिळते हेच त्याला ठाऊक नाही! दामूअण्णा मालवणकरांनी हा बगाराम केला. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेस सरकारची दारूबंदी आली होती, त्यामुळे विषय एकदम ताजा. १९४० मध्ये चिं. वि. जोशींच्या कथेवर ‘लग्न पहावे करून’ आला, त्यात दामूअण्णाच चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. बहिणीचं लग्न जमवताना होणारी फरफट हा विषय. आमच्या मराठवाड्यात या विषयाला अजून मरण नाही, हे पालकांना वेगळं सांगायला नको.

हंसचे बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघायचे. डबिंग नव्हतं, म्हणून तोच प्रसंग आधी एका भाषेत आणि मग दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित करायचा. म्हणजे नटाने एकाच दिवशी तेच रडणं दोनदा रडायचं. दिग्दर्शक आणि नट दोन्ही एकच माणूस असेल तर किती ओढाताण होत असेल, विचार करा.

१९४० नंतर हंसचं पर्व संपलं. विनायकराव नवयुग चित्रपट कंपनीत आले. मग तिथूनही बाहेर पडून त्यांनी ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ ही स्वतःची कंपनी काढली. दुसरं महायुद्ध चालू होतं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती सरकारी परवान्यावर मोजून मिळू लागली. चित्रपटाची लांबीसुद्धा सरकार ठरवत होतं. निर्मात्यांना युद्धाला मदत होईल असे विषय घ्यावे लागत. नूरजहाँला घेऊन केलेला ‘बडी माँ’ (१९४५) हा त्याच काळातला.

पण या वर्षांतली खरी गोष्ट चित्रपटांची नाही. ती एका घराची आहे.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात मास्टर दीनानाथ मंगेशकर गेले. मागे पत्नी आणि पाच मुलं. थोरल्या लताचं वय बारा वर्षं सात महिने. तिच्या पाठीवर मीना, आशा, उषा आणि सगळ्यात लहान हृदयनाथ. नाटक कंपनी आधीच बुडालेली. या घराशी विनायकरावांचा स्नेह होता. त्यांनी लताला नवयुगच्या ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटात छोटी भूमिका आणि गाणं दिलं. दीनानाथ गेले त्याच वर्षी तो चित्रपट आला. पुढे प्रफुल्लमध्ये तिला नोकरीवर ठेवलं. तिला अभिनय आवडत नव्हता. तोंडाला रंग फासून लाइटसमोर उभं राहणं तिला नकोसं वाटायचं हे तिने मोठेपणी अनेकदा सांगितलं. पण घर चालवायचं होतं.

प्रफुल्लच्या ‘माझं बाळ’ (१९४३) मध्ये या भावंडांपैकी बरीच जण पडद्यावर दिसतात. आशाताईंनी चित्रपटासाठी पहिलं गाणं गायलं ते याच चित्रपटात, वय दहा. १९४५ मध्ये विनायकरावांनी कंपनी कोल्हापूरहून मुंबईला हलवली, तेव्हा लताही मुंबईला आली. तिथे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे तिचं गाणं शिकणं सुरू झालं. ‘बडी माँ’मध्ये लता आणि आशा दोघींच्या छोट्या भूमिका आहेत. ‘सुभद्रा’ (१९४६) च्या वेळी विनायकरावांनी तिची संगीतकार वसंत देसाईंशी ओळख करून दिली. पाच वर्षं त्या घरातली चूल या आधारावर पेटली.

हे मी वर्गात सांगत होतो तेव्हा एका मुलीने विचारलं की मग लताबाईंची शाळा? मी सांगितलं की शाळा झालीच नाही म्हणा ना. वर्गात शांतता. आमच्याकडे मुलांचे आईवडील रोलिंग मिलमध्ये, बियाणं कंपन्यांच्या गोदामात, हातगाड्यांवर कामाला. बाप आजारी पडला की सातवी-आठवीतला पोरगा महिनाभर हजेरीपटावर गैरहजर दिसतो. कुठे गेला ते सगळ्यांना माहीत असतं. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. चित्रपट आणि मालिकांतल्या बालकलाकारांना २०१६ च्या दुरुस्तीत सवलत आहे, पण शाळा बुडता कामा नये ही अट आहेच. १९४२ मध्ये असलं काही नव्हतं. लताला काम देणाऱ्या विनायकरावांना मी दोष देत नाही. त्यांनी काम दिलं नसतं तर त्या मुलांचं काय झालं असतं? पण एका मास्तरने एका बारा वर्षांच्या मुलीला शाळेऐवजी स्टुडिओचं दार उघडून दिलं, हे मला वाचताना टोचलं, ते इथे मोकळेपणी लिहितो. दुसरं कोणतं दार त्यांच्या हातात होतं, याचं उत्तर मलाही देता आलं नाही.

आणि नियती म्हणा, योगायोग म्हणा, तेच पुढे त्यांच्या स्वतःच्या घरी झालं.

देश स्वतंत्र झाला आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी, विनायकराव मुंबईत वारले. वय ४१. ‘मंदिर’ नावाचा चित्रपट अर्धा राहिला होता. कंपनी बंद पडली. मागे पत्नी आणि सात मुलं. त्यातली नंदा आठ वर्षांची.

‘मंदिर’ दिनकर द. पाटील यांनी पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यात छोटी नंदा आहे. वडिलांच्या शेवटच्या चित्रपटातून मुलगी पडद्यावर आली आणि मग ‘बेबी नंदा’ या नावाने तिने एकामागून एक चित्रपट केले. घर तिच्या कमाईवर चालू लागलं. नियमित शाळा सुटली, शिक्षक घरी येऊन शिकवत. लताचं वय बारा होतं, नंदाचं तर आठच. ज्याने दुसऱ्याच्या मुलांना आसरा दिला त्याच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभं राहून भावंडं वाढवावी लागली.

इकडे लताचाही आधार गेला होता. विनायकराव गेल्यावर संगीतकार गुलाम हैदर यांनी तिला हाताशी धरलं आणि १९४८ च्या ‘मजबूर’मधून तिचा आवाज लोकांपर्यंत गेला. अभिनय हळूहळू सुटला. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

विनायकरावांचं नाव मात्र मागे पडत गेलं. त्याचं एक कारण असं की त्या काळच्या कित्येक चित्रपटांच्या प्रती आज पाहायलाही मिळत नाहीत. ‘ब्रह्मचारी’ मात्र बघायला मिळतो. मोठ्यांनी जरूर बघावा. आवाज खरखरतो, चित्र मधूनच उडतं, पण औदुंबर बोलायला लागला की दहा मिनिटांत आपण विसरून जातो. मुलांना दाखवायचं असेल तर निवडक प्रसंग दाखवा, बरं का.

सहावी-सातवीला व्यक्तिपरिचय लिहायला देताना मी आता हाच विषय देतो. मुलं साधारण तीन गोष्टी लिहितात : ते आधी शिक्षक होते, त्यांनी लताबाईंना काम दिलं, ते लवकर वारले. एका पोराने यंदा चौथं वाक्य लिहिलं की नंदाला आठव्या वर्षी काम करावं लागलं म्हणून मला तिचा सिनेमा बघायचा आहे. त्याच्यासाठी मी यादी काढून दिली. व्ही. शांताराम यांनी १९५६ मध्ये ‘तूफान और दिया’ काढला, त्यात त्यांनी नात्यातल्या या पोरीला मोठी भूमिका दिली, तिथून ती बेबी राहिली नाही. मग ‘छोटी बहन’ (१९५९), ‘जब जब फूल खिले’ (१९६५), ‘इत्तेफाक’ (१९६९). भावंडं मार्गी लागली, तिने स्वतः लग्न केलं नाही. २५ मार्च २०१४ रोजी नंदाताई मुंबईत वारल्या. पोराने यादीतला ‘तूफान और दिया’ आईच्या मोबाइलवर शोधला. आई रात्रपाळीहून आल्यावर दोघांनी मिळून बघितला म्हणे. अर्धा झाला आणि डेटा संपला. उरलेला अर्धा शाळेत दाखवा म्हणून तो माझ्या मागे लागलाय.